शुभेच्छुक हंबीरराव

कवठे महांकाळच्या स्टँडासमोर हंबीररावांनी लावलेला फ्लेक्स इतका मोठा होता, की त्याच्या सावलीत दोन एसट्या उभ्या राहायच्या आणि मिरजेहून येणारे कावळे वाट चुकून जतला उतरायचे. वर मूठ आवळलेले अमेरिकेचे नवे अध्यक्ष, खाली फेटा बांधून हात जोडलेले माजी सुभेदार हंबीरराव, आणि मधे टपोऱ्या अक्षरांत : ‘राष्ट्राध्यक्षपदी विराजमान झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!’ शुभेच्छुक एकटेच. मित्रमंडळ ऐनवेळी फुटलं होतं.

“सरहद्द राखणारा गडी हाय,” हंबीरराव नियाजच्या चहाच्या गाड्यावर फळी बडवून सांगायचे. “आमी राखलीय, आमाला कळती किंमत.”

“व्हय सुभेदार,” नियाज चहा गाळत म्हणायचा, “पर त्या सरहद्दीच्या आत तुमची नात हाय. तिला इचारलंय न्हवं?”

“ती काय भिंतीवरनं उडी मारून गेलीय व्हय रं? कागदावर शिक्का हाय शिक्का!”

शिक्का होता, पण मुदतीचा. संयोगिता आणि तिचा नवरा नोकरीच्या व्हिसावर तिकडं राहत होते, आणि संयोगिताला दिवस गेलेले. नव्या अध्यक्षांनी खुर्चीवर बसल्या बसल्या सही ठोकली : एकोणीस फेब्रुवारीनंतर अशा लोकांच्या पोटी जन्मलेल्या पोरांना तिथलं नागरिकत्व मिळायचं नाही. संयोगिताची तारीख होती मार्चअखेरची.

हे कळलं त्या दिवशी गाड्यावरचा वाद काही थांबला नाही, फक्त हंबीरराव त्यातून उठून घरी आले.

घरी त्यांची बायको अंबूबाई होत्या. चाळीस वर्षं सुईणपण केलेलं. तालुक्यातल्या निम्म्या पुढाऱ्यांना त्यांनी उलटं धरून पहिली चापट मारली होती, आणि तेवढी एकच चापट वेळेवर बसली, असं त्या म्हणायच्या.

पंधरा फेब्रुवारीला सकाळी संयोगिताचा व्हिडिओ कॉल आला. डोळे सुजलेले.

“आजी, इथं ऑपरेशन करून आधी काढता येतं. दोघा डॉक्टरांनी नाही म्हणून सांगितलं. तिसरी बघू म्हणतीय. तू सांग, आठव्यातलं बाळ जगतं का गं?”

“आगं, कोर्टानं अडवलंय न्हवं ते?” हंबीरराव मधेच घुसले.

“आज अडवलंय, आबा. उद्या वरचं कोर्ट काय म्हणंल कुणाला ठाव? ह्याची नोकरी गेली तर आमाला हाकलतील. निदान पोराला तरी कुणी हाकलू नये.”

अंबूबाई पडद्याजवळ सरकल्या. “पोटावर हात ठेव. बरगडीखाली दाब जरा. काय लागतंय?”

“गोल. टणक.”

“डोकं हाय ते. आजून खाली फिरलंबी न्हाई, बाई. त्याला यायचंच न्हाई आजून.”

“आजी, जगतं का तेवढं सांग.”

फोनच्या मागं उभे राहून हंबीरराव हात जोडत होते, हुबेहूब फ्लेक्सवर जोडले होते तसे. हो म्हण, एवढंच हो म्हण. एकट्यानं रणगाडा ढकलल्याची गोष्ट त्यांनी पन्नास वर्षं पापणी न हलवता सांगितली होती, आणि दरवर्षी तो रणगाडा वजनानं वाढत होता. अंबूबाईंना मात्र ती विद्या कधी जमली नाही.

“मी आठव्यातली आकरा काढली,” त्या म्हणाल्या. “चार जगली.”

संयोगितानं ओढणीनं डोळे पुसले. मग म्हणाली, “तुझ्याकडं काचेच्या पेट्या नव्हत्या, आजी,” आणि फोन बंद झाला.

एकोणीसला गावात शिवजयंती. भगवे झेंडे, कर्णे, पोवाडे. तिकडं अजून अठराच चालू होती. सकाळी नऊच्या सुमाराला फोटो आला : मुलगा झाला.

हंबीरराव फेटा बांधून गाड्यावर गेले आणि पेढ्याचा पुडा फोडला. “शिवजयंतीचा जन्म, नाव शिवतेज! आन् नागरिक पक्का अमेरिकेचा. आता ह्यालाच अध्यक्ष व्हायला कोण आडवतंय बघू!”

“मग फुडला फ्लेक्स त्याचाच लावू,” नियाज म्हणाला, पण त्यानं पेढा खाल्ला नाही, मुठीत ठेवला. कारण अंबूबाई घरून अनवाणी आल्या होत्या आणि स्टँडाच्या कट्ट्यावर फोन धरून बसल्या होत्या.

फोटोमागून व्हिडिओ आला होता. चौदा सेकंदांचा. काचेच्या पेटीत वितीएवढं पोर, नाकात नळ्या. दर श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. हा खड्डा अंबूबाईंच्या ओळखीचा होता. सात वेळा बघितलेला. ओठांतल्या ओठांत त्या श्वास मोजत होत्या.

“काय मोजतीस गं?” हंबीरराव पेढा घेऊन आले.

“आवं, त्यो फ्लेक्स उतरवा.”

“आत्ता? आता तर आपलं...”

“उतरवा म्हंते. तुमी हात जोडल्यात त्याच्यावर.”

हंबीररावांनी वर पाहिलं, मग फोनकडं पाहिलं. पेढा कट्ट्यावर ठेवून ते नियाजकडं शिडी मागायला गेले. दोरी सुटली आणि आख्खा फ्लेक्स त्यांच्या अंगावर कोसळला. आतून त्यांचा आवाज आला, “अंबू, फोन आला का गं तिचा?”

आला नव्हता. अंबूबाई तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा लावत होत्या. चौदाव्या सेकंदाला चित्र थांबायचं आणि पोराचा श्वास अर्ध्यावरच राहायचा. म्हणून त्या ते थांबूच देत नव्हत्या.