उंबऱ्यावरचे नारळ

मित्रांनो, अमेरिकेतल्या कॅरी गावात, एका घराच्या मागच्या अंगणात, तुळशीच्या कुंडीशेजारी, हळदीकुंकवाने माखलेला एक लांबट करडा दगड आहे. तो मी. कुणी मला धोंडा म्हणतं, कुणी देव म्हणून हात जोडतं. खरा मी एका किल्ल्याचा उंबरा आहे.

स्कॉटलंडमध्ये एका तळ्याकाठी मॅकव्हॅरन घराण्याचा किल्ला होता. पाथरवटांनी मला टेकडीतून काढलं, घडवलं आणि मुख्य दरवाजात बसवलं. नव्या सुना माझ्यावरून आत आल्या, म्हाताऱ्यांच्या शवपेट्या माझ्यावरूनच बाहेर गेल्या. हिवाळ्यात आत शेकोटी पेटली की त्यांचा भाट घराण्याच्या पिढ्या गाऊन सांगायचा. जिथे गोष्ट गाऊन सांगतात तिथे देव येऊन बसतो, हे मी तेव्हाच शिकलो.

पुढे शेजारच्या घराण्याशी वैर पेटलं. शत्रूने दरवाजाला आग लावली आणि आतल्यांनी ती विझवायला तळ्याचं गार पाणी ओतलं. मी तापलेला होतो. अंगातून आरपार तडा गेला. किल्ला पडला, दालनांत मेंढ्या चरू लागल्या, माणसं पांगली. त्यांच्यातल्या एकाने अमेरिकेला निघताना मला जहाजात चढवलं. "दार गेलं, निदान उंबरा तरी राहू दे," असं तो म्हणाला होता.

इसोबेलबाई त्याच्याच वंशातल्या. त्यांनी मला या अंगणात जपलं. पण गुडघे थकले तेव्हा त्यांनी हे घर नागपूरच्या रवींद्र आणि राधिकाला विकलं आणि त्या एका लहानशा फ्लॅटमध्ये गेल्या. मी तिथे कसा मावणार?

वास्तुशांतीला रवींद्र नारळ घेऊन अंगणभर हिंडला. सगळीकडे गवत, नाहीतर लाकडी डेक. मग त्याला मी दिसलो.

"परफेक्ट आहे यार. जसा काही याच कामासाठी ठेवलाय."

राधिकाने मला आंघोळ घातली, कुंकू लावलं. मग त्याने माझ्यावर नारळ आपटला. आत तडा कण्हला.

मित्रांनो, आधी फूल वाहून मग मारणाऱ्यावर रागवायचं तरी कसं? नवी गाडी आली, नारळ. व्हिसा वाढला, नारळ. तड्यात पाणी शिरायचं, थंडीत गोठून फुगायचं. आणखी एक घाव, की माझे दोन तुकडे होणार, हे मला कळून चुकलं होतं.

आणि कार्तिकात राधिकाने गराजमध्ये कीर्तन ठेवलं. हर्नडन गावाहून सुमित्रामावशी कीर्तन करायला येणार होत्या. मला केवढा आनंद झाला असता. पण निरोप असा गेला, की येताना प्रत्येकाने एक नारळ आणावा. टोपली भरत गेली तसा माझा जीव गोळा होत गेला.

राधिकाने इसोबेलबाईंनाही बोलावलं होतं. त्या काठी टेकत अंगणात आल्या, तेव्हा रवींद्रचा हात वर गेलेला होता.

"थांबा," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "ते माझ्या घराचं दार आहे."

त्यांनी अडखळत सगळं सांगितलं. राधिकाचा चेहरा उतरला.

"रवी, उंबरा आहे हा. माझी आई उंबऱ्यावर शिंकूसुद्धा द्यायची नाही आणि आपण नारळ फोडतोय."

"मला काय माहीत? मला वाटलं लॅंडस्केपिंगचा दगड."

"विचारलंस का कुणाला?" सुमित्रामावशी म्हणाल्या. "कुंकू लावायची घाई तेवढी. चल, ठेव तो नारळ खाली. हातोडी आण, नारळ हातात धरून तिनेच फोडू."

त्या संध्याकाळी मावशींनी ठरवलेलं आख्यान बाजूला ठेवलं. झांजेच्या ठेक्यावर त्यांनी तळं उभं केलं, आग लावली, मेंढ्या चारल्या. इसोबेलबाईंना मराठीचं एक अक्षरही कळत नव्हतं. पण 'मॅकव्हॅरन' हा शब्द आला की त्यांचे ओठ हलायचे.

निघताना राधिकाने त्यांच्या हातात प्रसादाची नारळाची कवड दिली. तिचं काय करायचं, त्यांना उमगेना. त्या अंगणात आल्या आणि ती त्यांनी अलगद माझ्यावर ठेवली.

मित्रांनो, तडा अजून आहे. थंडी येते आहे आणि पाणी आत शिरतंच. मी भितो. म्हणून एवढंच सांगतो: जुनं काही दिसलं तर जरूर हात जोडा, पण त्याआधी कुणाला तरी विचारा, हे कोण आहे.