पणजोबांचा राग

पहिल्या पानावरच्या सहीची शेवटची रेघ अकरा मिलिमीटर लांब आहे आणि सरळ आहे. मी पट्टी लावून मोजली. त्याच माणसाची बारा वर्षांनंतरची सही तेवीस मिलिमीटर भरते. तिची रेघ दोनदा ओळीच्या वर उडते आणि एकदा खालच्या माणसाच्या नावात घुसते. हजेरीपुस्तक त्याच मापाचं, शाई तशीच निळी-काळी. बदलला तो फक्त हात.

हा हात माझ्या पणजोबांचा. ते छापखान्यात खिळे जुळवायचे, म्हणजे शिशाचं एकेक अक्षर पेटीच्या खणातून उचलून ओळीत बसवायचे. छापखाना बंद होऊन जमाना झाला. त्याची पुस्तकं एका सरकारी इमारतीच्या तळघरात आहेत आणि त्यांची राखण एक वयस्कर रेकॉर्डकीपर करतात.

"पूर्वज शोधायला दोन प्रकारचे लोक येतात," पहिल्याच शनिवारी ते मला म्हणाले. "एकांना जमीन हवी असते, दुसऱ्यांना पराक्रम. तुम्ही कुठल्या?"

"मला सह्या बघायच्यात."

त्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "सह्या? बघा की. त्यांच्यावर अजून तरी कुणी दावा लावलेला नाही."

मी चार शनिवार गेले. दर महिन्याच्या पहिल्या कामाच्या दिवसाची एक सही, अशा बारा वर्षांच्या एकशे चव्वेचाळीस. पहिली सात वर्षं काही नाही. आठव्या वर्षापासून रेघ लांबत जाते.

पणजोबांची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. मालक चारचौघांत घालूनपाडून बोलला, तेव्हा पणजोबांनी खिळ्यांनी भरलेली अख्खी पेटी त्याच्या पायाशी भिरकावली आणि ताठ मानेने बाहेर पडले. त्यांचा मुलगा, म्हणजे माझे आजोबा, शिंपी होते. त्यांनी पंचेचाळिसाव्या वर्षी गिऱ्हाइकाच्या अंगावर कात्री फेकली आणि दुकानाला कुलूप लावलं. माझे बाबा नकाशे काढायचे. त्यांनी साहेबाच्या टेबलावर शाईची बाटली उलटी केली. दुसऱ्यांच्या घरात नाक किंवा टक्कल पिढीजात असतं, तसा आमच्याकडे राग, असं आत्या सांगते. तिच्या आवाजात तक्रार नसते. घरात कप फुटला तर कुणी ओरडत नाही. "पणजोबा आले!" म्हणायचं आणि झाडू आणायचा. लहानपणी मी आणि माझा धाकटा भाऊ बारक्या मुद्दाम कप सोडायचो. एकदा एका दुपारी चार फोडले, तेव्हा आई म्हणाली, "आता पणजोबांना म्हणावं, घरी जा."

शेवटी शेवटी बाबांच्या हातून इतके कप पडले की आम्ही स्टीलचे पेले आणले.

दोन वर्षं आणि चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी एका आजाराचं नाव कागदावर लिहून तो कागद माझ्याकडे सरकवला. बाबांच्या रक्ताच्या तपासणीत तो आजार निघाला होता. बाबा तेव्हा समजण्यापलीकडे गेले होते, म्हणून डॉक्टर माझ्याशी बोलले. आधी हात ऐकेनासे होतात, मग पाय, मग मन. चिडचिड त्यातलीच. साधारण चाळिशी ओलांडली की सुरू होतो. ज्याला आजार आहे त्याच्या प्रत्येक मुलाला तो येण्याची शक्यता निम्मी. तपासणी आहे, उपाय नाही. माझ्यासाठी त्यांनी तपासणीची एक चिठ्ठी लिहून दिली.

मला त्या वेळी काय वाटलं ते सांगता येत नाही, कारण काही वाटलं नाही. भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे होतं.

"भावाला सांगाल ना?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो," मी म्हणाले.

तीन महिन्यांनी बाबा गेले. घरात सगळे ते वयाचंच दुखणं समजत होते. मी सांगितलं नाही.

मी पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे नमुना तीनदा तपासल्याशिवाय अहवालावर सही होत नाही. एक निकाल चुकू शकतो, दोन योगायोगाने जुळू शकतात. मी स्वतःला सांगितलं की तिसरा निकाल हाती आला की बोलायचं. बाबा पहिले. आजोबांचा केसपेपर एका जुन्या धर्मादाय दवाखान्यात सापडायला वर्ष गेलं. 'हातपाय आपोआप हलतात, चालताना तोल जातो, कात्री धरवत नाही,' असं त्यावर लिहिलं होतं. ते दुसरे. तिसरे पणजोबा.

डॉक्टरांना बाबांचं एकट्याचं रक्त पुरेसं होतं, हे मला ठाऊक होतं. तरी मी शोधत राहिले. तळघर बंद असलं की मला बरं वाटायचं. मधल्या काळात बारक्याचं लग्न झालं. त्यांच्या नोंदणीच्या कागदावर साक्षीदार म्हणून मी सही केली. ती रेघही मी नंतर मोजली आहे. सरळ आहे. त्यावरून काही सिद्ध होत नाही. मी एकेचाळीस वर्षांची आहे, बारक्या छत्तीसचा. चिठ्ठी माझ्या पर्समध्येच असते आणि तिच्या घड्या आता फाटत आल्या आहेत.

पाचव्या शनिवारी रेकॉर्डकीपरांनी आपणहून एक वेगळं पुस्तक काढून ठेवलं होतं. त्यात कामगारांवरचे शेरे होते. अक्षर किरटं होतं, म्हणून त्यांनीच वाचून दाखवलं.

"'हात स्थिर नाही. खिळे सांडतात. तीनदा समज दिली. आज पूर्ण पेटी हातून पडली. कामावरून कमी केले.'" ते थांबले. मग बोट खालच्या ओळीवर नेलं. "'सांडलेले खिळे स्वतः वेचून ज्याच्या त्याच्या खणात लावून दिले. दोन दिवस लागले. मग गेले.'"

मी वहीत तारीख लिहून घेतली.

"काढून टाकल्यावर दोन दिवस बसला हो हा माणूस," रेकॉर्डकीपर म्हणाले. "त्या हातांनी." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पाणी घ्या."

"नको."

"बरं, पाणी नका घेऊ. बसा तरी."

तेव्हा मला कळलं की मी उभी आहे.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, बारक्या आणि त्याची बायको घरी आले. आत्या माझ्याकडेच राहते. तिला बहात्तरावं चालू आहे आणि तिचे हात दगडासारखे स्थिर आहेत. ती मटार सोलत होती. पणजोबांच्या शेऱ्याची झेरॉक्स मी टेबलावर वर्तमानपत्राखाली ठेवली होती.

"आमचं ठरलंय," बारक्या बसता बसता म्हणाला. "आता थांबायचं नाही. घरात माणूस वाढवायचं."

"अगं बाई!" आत्याने हातातली शेंग खाली ठेवली. "म्हणजे मला आणखी दहा वर्षं मरायची सोय नाही."

"आत्या, अजून काहीच नाहीये," त्याची बायको हसत म्हणाली. "नुसतं ठरवलंय."

"या घरात ठरवायलाच वेळ लागतो गं. पुढचं काय, होतंय."

बारक्या माझ्याकडे वळला. "ताई, तू काय अशी गढूळ पाण्याकडे बघितल्यासारखी बघतेयस? आनंद झाला की नाही? अहवाल दे."

"तिचा अहवाल तीन दिवसांनी मिळतो," आत्या म्हणाली. सगळे हसले. मीही हसले असेन.

मग आत्या उठली. मटाराचा वास लागलेला हात तिने बारक्याच्या बायकोच्या डोक्यावर ठेवला आणि डोळे मिटले. "नाक हिचं घे, उंची त्याची घे," ती अजून नसलेल्या बाळाला म्हणाली. "पण राग मात्र पणजोबांचा घे. ताठ मानेचा हो."

मी वर्तमानपत्र बाजूला केलं.

"आत्या, पणजोबांनी पेटी फेकली नव्हती. त्यांच्या हातून पडली होती."

"कोण म्हणतं?"

मी शेरा वाचून दाखवला. दोन दिवसांची ओळही वाचली.

"लिहिणारा मालकाचाच माणूस," आत्या म्हणाली. "तो खरं कशाला लिहील?"

"सह्या त्यांच्या स्वतःच्या आहेत." मी वही उघडून आकडे दाखवले. मग आजोबांचा केसपेपर. आजाराचं नाव मी एकदाच उच्चारलं. निम्म्या शक्यतेचंही सांगितलं, एखाद्या नव्या मदतनिसाला काम समजवावं तसं. आवाज माझाच होता आणि त्यात काही हललं नाही.

"बाबा?" बारक्याने विचारलं.

"हो."

"तुला कधीपासून माहितीये?"

"दोन वर्षं चार महिने."

बारक्याच्या बायकोने मनात हिशेब केला. तिचे ओठ हलताना मला दिसले. "म्हणजे आमच्या लग्नाच्या आधीपासून," ती म्हणाली.

"हो. आधी सांगायला हवं होतं. मी सांगितलं नाही."

कुणी काही फेकलं नाही. आत्या खाली बसली, तिने एक शेंग उचलली, फोडली आणि दाणे टरफलांच्या ढिगात टाकले. मग तेच दाणे एकेक करून परत वेचू लागली.

"दोन दिवस," ती पुटपुटली. "आणि आम्ही त्यांना भिरकावायला लावलं."

बारक्याने दोन्ही हात टेबलावर पालथे ठेवले होते. तो त्यांच्याकडे बघत होता. त्याच्या बायकोने आधी स्वतःचा हात मागे घेतला, आणि थोड्या वेळाने तो त्याच्या हातावर ठेवला.

"मी काय करायचं आता?" त्याने विचारलं. मला विचारलं, की तिला, ते कळलं नाही.

"ते तुम्ही दोघं ठरवा. घाई नाही. मी मध्ये बोलणार नाही."

"आणि तू? तू तपासलंयस?"

"नाही."

"मला वाटलं, तू तरी..." तो थांबला. "मग दोन वर्षं तू करत काय होतीस, ताई?"

मी पर्समधून चिठ्ठी काढली. मधली घडी उलगडताना फाटली. दोन्ही तुकडे मी टेबलावर जुळवून ठेवले. वाचता येत होतं.

"उद्या सकाळी मी रक्त द्यायला जाणार आहे," मी म्हणाले. "आणि निकाल ऐकणार आहे."