गाडी हालते का बुढ्याचा हात

आता सांगायले काय जाते, आता तं बरंच आहे सगळं. पण चार दिवस माह्या घरात नुसतं भांडण होतं, अन् ते मीच करून राहिली होती, हेही सांगून टाकते.

गोष्ट आमच्या जीपची. आमचा बुढा, म्हणजे माहा नवरा दुधराम, एकतीस वर्षं झाले अर्जुनी ते नवेगाव बांध सवाऱ्या नेते. त्याच्या हातानं एका कोंबडीले धक्का लागला नाई. अन् दिवाळीनंतर गाडी मागून झुलायले लागली. सरळ रस्त्यावर ठीक, पण वळणावर मागचं धूड भलतीकडेच जाये. मंगळवारी तलावाच्या वळणावर गाडी रस्ता सोडून खालीच उतरली. सायकलवरचा एक मास्तर थोडक्यात वाचला. सवाऱ्या उतरल्या अन् कुजबुज सुरू झाली, बुढा थकला, बुढ्याचा हात हालते.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचा पोरगा हिमांशू चहा पिता पिता म्हणाला, "माय, आजपासून बाबूजी गाडी चालवणार नाई. चाबी माह्यापाशी राहील." हिमांशू जंगलात गाइड आहे. वाघाची वाट पाहता पाहता कमी बोलायची सवय लागली त्याले.

"काऊन? तू कोण ठरवणारा?"

"ठरलं ते ठरलं." मान खाली घालून बोलला अन् निघून गेला.

माय वो, अशी आग लागली माह्या जिवाले! बुढा खाटेवर बसून ऐकत होता. शेत दुसऱ्यानं केलं तं चालते त्याले, पण स्टेअरिंग गेलं तं हा माणूस महिन्याभरात खाट धरन, हे मले पक्कं ठाऊक. मी म्हणलं, गाडीतच काही बिघडलं असन. त्या दिवसापासून मी हिमांशूशी धड बोलली नाई.

गुरुवारी त्याच्याच मागं लागून गाडी अर्जुनीले नेली, चुन्नीलाल मिस्त्रीकडे. त्यानं जॅक लावून मागची चाकं उचलली. एकेक चाक वरून-खालून धरून हालवलं, मंग डावी-उजवीकडून हालवलं. चाकाचे नट पाहिले. "बेरिंग एकदम ठीक, नट टाइट. चाचीजी, गाडी में कुछ नहीं है. चाचा की उमर हो गई," अन् हसला.

मी म्हणलं, "तुह्या उमरीचं पाह्य आधी, दोन चष्मे लागले तुले," अन् गाडी वापस आणली.

पण मी गप बसणारी बाई नोहो. मी भाजीचं टोपलं घेऊन रोज त्या गाडीच्या मागच्या बाकावर बसते. मागचं दुखणं समोर बसणाऱ्याले नाई समजत, माह्या बुडाले समजते. ब्रेक लागला की खालून ठक, वेग देला की पुन्हा ठक, अन् उजवीकडची बाजू मागं सरकल्यासारखी वाटे. तेही गाडी भरली असली तंच. रिकाम्या गाडीत काहीच नाई. अन् चुन्नीलालनं रिकामी गाडी उचलून पाहिली! उचलल्यावर तिच्यावर वजन राहते कुठं?

विचार करता करता मले माहा बाप आठवला. आमी कोहळी, तलाव बांधणारे लोक. तलावाच्या दगडी बांधकामाले तडा दिसला तं बाप बोंबलत नसे. तड्यावर चुन्याची आडवी रेघ ओढे अन् घरी येये. आठ दिवसांनी पाहे. रेघ साबूत तं दगड जागेवर, रेघ तुटली तं दगड हालते.

शनिवारी सकाळी हिमांशू जंगलात गेला अन् मी त्याच्या खुंटीवरची चाबी काढली. गड्याकडून धानानं भरलेले बारा कट्टे, म्हणजे पोते, गाडीत चढवले. बुढ्याच्या तंबाखूच्या डबीतला चुना घेतला, लुगडं खोचलं अन् गाडीखाली शिरली.

"राहू दे वो रुख्मा, कायले जीव काढून राहिली?" बुढा म्हणाला.

"तुमी उभे राहा गप."

मागच्या चाकांचा एक्सल जिथं पाट्याले, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या लोखंडी पट्ट्यांले, बांधलेला असते, तिथं दोन्हीकडे यू बोल्ट असतात. पाट्यावरून खाली एक्सलपर्यंत उभी रेघ ओढली, डावीकडे एक, उजवीकडे एक. चुना वाळू देला. "आता चालवा. तलावाच्या पाळीपर्यंत जा, रस्ता रिकामाच आहे. दोनचारदा ब्रेक मारा अन् या." स्टेअरिंगले हात लावायच्या आधी बुढ्यानं दोन्ही हात धोतराले पुसले. मले राग आला होता, म्हणून मी तिकडे लक्षच नाई देलं.

गाडी आली, मी पुन्हा खाली. डावी रेघ जशीच्या तशी. उजवी मधातून तुटली होती, अन् खालचा तुकडा धानाच्या दाण्याएवढा मागं सरकला होता.

मी खालूनच ओरडली, "अजी, तुमचा हात नाई हालत! एक्सल हालते!"

बुढा जवळ आला. वाकून त्या रेघेकडे पाहतच राहिला.

हिमांशूले फोन करून बोलावलं अन् भरलेली गाडी हळूहळू चुन्नीलालकडे नेली. तो खाली शिरला, पहारीनं एक्सल रेटला अन् त्याचं हसणं बंद झालं. उजवीकडचे नट हातानं फिरत होते, पाटे धरून ठेवणारा मधला बोल्ट तुटून गेला होता. दिवाळीत धान मिलवर न्यायले हिमांशूनं मागं एकेक जास्तीचा पाटा टाकून घेतला होता. पाटा टाकल्यावर चारसहा दिवस गाडी चालली की नट पुन्हा कसावे लागते. ते कोणी कसलेच नाई. "मान गए चाचीजी," चुन्नीलाल म्हणाला. नवे बोल्ट टाकले, वजन असतानाच कसले, अन् शंभर किलोमीटरनं पुन्हा कसायले बोलावलं.

मंग मी हिमांशूकडे वळली. "पाटा तू टाकला, नट तू नाई कसले, अन् चाबी बापाची काढतं? लाज नाई वाटली?" चार दिवसाचं साठलेलं सगळं काढलं. तो मान खाली घालून ऐकत राहिला.

"बस कर वो," बुढा म्हणाला. "त्याले नको बोलू. चाबी मीच देल्ली त्याले."

मी बुढ्याकडे वळली.

"तो मास्तर मरता मरता वाचला. मले वाटलं, माहे हातच गेले. मीच म्हणलो पोराले, चाबी घे, अन् मायले सांग का तूच घेतली."

"अन् मले सांगता नाई आलं? चाळीस वर्षाचा संसार आपला!"

"तू हो म्हणली असती तं?" बुढ्याच्या डोळ्यात पाणी आलं. "साऱ्या गावानं म्हणलं तं चालते. पण तू म्हणली असती का दुधराम बुढा झाला, तं मंग मी कोणाकडे पाहलो असतो?"

चुन्नीलाल उगाच पाना पुसत राहिला. मी हिमांशूच्या पाठीवरून हात फिरवला, अन् चाबी बुढ्याच्या हातात देल्ली.

"चला जी," मी म्हणलं, "घरी जाऊन कट्टे उतरवायचे आहेत."