घेणाऱ्याची सही

"एकोणचाळीस... चाळीस... एक्केचाळीस."

कुपवाडच्या कारखान्याच्या पार्किंगमध्ये मोटारसायकलला टेकून आकाराम मोबाईलमधली नावं मोजत होता. आकडा वरच छापलेला होता, पण यंत्रानं सांगितलेलं स्वतः तपासून बघायची त्याची फिटरची खोड काही जात नव्हती. त्यानं टाकलेल्या मजकुराला एक्केचाळीस जणांनी अंगठा दिला होता. मजकूर चार ओळींचा होता, पण एका बोटानं लिहायला त्याला दहा मिनिटं लागली होती.

'३ नंबर क्रेन. ब्रेक घसरतोय. लायनर उद्या येईल. तोवर अर्ध्याच वजनाला वापरा.'

वर पुण्याच्या कुठल्याशा साहेबाच्या वाढदिवसाचा केक होता आणि खाली वृक्षारोपण. मध्ये आकारामची क्रेन.

एकोणतीस वर्षं तो हे चार्ज बुकात लिहीत आला होता. पाळी संपताना यंत्राची हालत लिहायची. खाली दोन घरं असायची, देणाऱ्याची सही आणि घेणाऱ्याची सही. पुढच्या पाळीचा माणूस वाचून सही करेपर्यंत देणाऱ्यानं जागा सोडायची नाही. पोरीच्या साखरपुड्यादिवशीसुद्धा आकाराम पाऊण तास यंत्रापाशी उभा होता आणि घरी पाहुणे पोहे खाऊन कंटाळले होते. बायको ते अजून ऐकवते.

महिन्यापूर्वी कंपनीनं 'कट्टा' नावाचं ॲप आणलं. अकरा कारखान्यांतली सगळी माणसं एका मोबाईलमध्ये. चार्ज बुक कपाटात गेलं. एचआरच्या रेश्मा मॅडमनी बारीकसारीक गोष्टींसकट सगळं शिकवलं. पोरगी गुणाची, विचारलेलं दहादा सांगायची. "लिहून टाकलं की लोक अंगठा देतात, काका. म्हणजे त्यांच्यापर्यंत पोचलं. आता कुणासाठी ताटकळत थांबायला नको."

आकारामनं आपल्या परीनं हिशेब लावला. अंगठा म्हणजे सही. एका सहीसाठी थांबायचो, आज एक्केचाळीस मिळाल्या. एवढ्या जणांनी चार्ज घेतल्यावर काळजी कसली? तीन वाजून पाच मिनिटांनी तो गेटाबाहेर पडला.

पाच वाजता फोन आला. तीन नंबरच्या क्रेनवरून पुऱ्या वजनाचा, भरलेला साचा घसरला होता. दुसऱ्या पाळीचा क्रेन ऑपरेटर धुळा त्याखाली सापडला होता.

सकाळी रेश्मा मॅडमनी त्याला केबिनमध्ये बसवलं. समोर टाईप केलेला कागद होता. "धुळाचं पाऊल वाचलंय. दोन बोटं मात्र काढावी लागली. तुम्ही घाबरू नका, काका. तुम्ही लिहिलेलं वेळेसकट कट्ट्यावर आहे. इथं तेवढंच म्हटलंय, आकाराम यांनी कळवलं होतं आणि ऑपरेटरला ते मिळालं होतं."

"त्येला मिळालं, कशावरनं म्हंता?"

तिनं स्क्रीन वळवली. एक्केचाळिसांत पिवळा फेटा बांधलेला फोटो होता. आटपाडीच्या जत्रेतला, धुळाचा. त्याच्या नावापुढे अंगठा होता.

आकारामच्या डोक्यात गोंधळ माजला. काल मोजताना हे नाव बघून त्यालाच तर सगळ्यांत बरं वाटलं होतं.

"मंजी चूक धुळाची?"

"मी नाही म्हणत. वरून तसं येईल. निष्काळजीपणा. नोकरीचं काय करतात, ते बघायचं." ती कागदाकडे बघत बोलली. "उद्या सही द्या."

संध्याकाळी तो मिरजेला दवाखान्यात गेला. धुळाच्या पायाला हे भलंमोठं बँडेज होतं. सात पिढ्या मेंढरांमागं चालत आलेल्या घरातला कंपनीत लागलेला हा पहिला गडी. कंपनीनं दिलेले बूट घालून तो गावच्या जत्रेतही मिरवला होता.

"धुळा, म्या लिवलेलं वाचलं व्हतंस का रं?"

"कुठलं, तात्या?"

"कट्ट्यावरचं. तुजा आंगठा हाय की त्याच्यावर."

धुळा आठवत राहिला. "सुपरवायझर म्हनला, कट्ट्यावर आपला कारखाना लय मागं पडलाय, समद्यांनी आंगठं दाबा. मग गेटावरच दाबत सुटलो. केकावर दाबला, झाडावर दाबला. तुमचं बी त्यातच आसंल. वाचलं न्हाई कायच."

आकारामला काल मोजलेली नावं आठवली. बाकीच्या चाळीस जणांनी तरी वाचलं होतं का? मग चार्ज होता कुणाकडं? मोबाईलकडं?

"तात्या, एक इचारू?" धुळाच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं. "तुमी रोज थांबायचासा. काल का थांबला न्हाईसा?"

मॅडमनी आकारामला थांबायला नको असं सांगितलं होतं, हे खरं होतं. लवकर घरी जायला मिळतंय म्हणून बरं वाटलं होतं, हेही खरं होतं. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं आणलेली केळी धुळाच्या उशाशी ठेवली आणि उगाच चादर सारखी केली.

दुसऱ्या दिवशी रेश्मा मॅडमनी पेन पुढे केलं. आकारामनं कागद सावकाश, ओठ हलवत वाचला.

"म्याडम, पट्टी हाय का?"

"पट्टी?"

तिनं ड्रॉवरमधून पट्टी काढून दिली. टाईप केलेल्या मजकुरावर त्यानं एक सरळ आडवी रेघ मारली. खाली दोन घरं आखली, चार्ज बुकात असायची तशी. वर लिहिलं, '३ नंबर क्रेन. चार्ज दिला नाही. देणारा थांबला नाही.'

"काका, हे तुमच्यावर येईल. रिटायरमेंटला अकरा महिने राहिलेत तुमचे."

"ठावं हाय."

"धुळानं अंगठा दिलाय, सगळ्यांना दिसतंय ते."

"आंगठा दिलाय. चार्ज न्हाई घेतला त्येनं. म्या बी कुठं त्येच्या हातात दिला?"

त्यानं डाव्या घरात सही केली, तारीख घातली. उजवं घर, घेणाऱ्याचं, तसंच कोरं ठेवलं. कागद तिच्याकडे सरकवला आणि तो खुर्चीतच बसून राहिला.

"झालं काका, तुम्ही गेलात तरी चालेल."

"तुमी वाचा," आकाराम म्हणाला. "तवर थांबतो."