झाकण कोणी लावलं

झाकण मी लावलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवते, कारण यापुढे जो तो मला उलटंच सांगणार आहे.

माझी मुलगी शू-वेन शिन्चूला चिपच्या कारखान्यात इंजिनियर आहे. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर तिनं मला तो छोटा लॅपटॉप आणून दिला. वहीएवढा, चंदेरी, बोटानं चालणारा. झाकण उघडलं की लॅपटॉप, अर्धवट मागे वळवून उभा केला की तंबू, पूर्ण मागे दुमडला की पाटी. स्वयंपाकघरात तंबू करून ठेवायचा, त्यात कुणीतरी बाई मुळ्याचा केक करून दाखवते, तिच्याबरोबर आपण करायचा. अंथरुणात पाटी करून पेननं चित्रं काढायची. खरं सांगते, नवऱ्यामागे इतकी सोबत मला कशानं झाली नव्हती.

पण मेल्याचे नखरे किती! मी मान वाकडी केली की तो चित्र आडवं करणार, मी मान सरळ केली की पुन्हा उभं. ओल्या बोटाला ओळखच देत नाही. आणि नको तिथे मात्र नुसत्या वाऱ्यानं चालतो. एकदा माझ्या बाहीनं गॅसवाल्याला धडधडतं लाल बदाम गेलं. एरवी सिलिंडर दारात आदळून जाणारा तो माणूस, त्या आठवड्यात जिना चढून वर आला आणि सिलिंडर जोडून देऊन गेला. मी काही खुलासा केला नाही.

माझं नाव चिन-ये, गल्लीत सगळे आ-ये म्हणतात. कीलुंग बंदरामागच्या गल्लीत, देवळाच्या पाठीशी माझं केस धुवायचं, बसवायचं दुकान आहे, वरच्या मजल्यावर मी राहते. चाळीस वर्षं बायकांच्या मागे उभी राहिले. त्यामुळे चेहऱ्यापेक्षा मला डोक्याची मागची बाजू जास्त ओळखू येते. कुणाचा भोवरा डावीकडे, कुणाच्या मानेवर केसांचं शेपूट, कुणाला दोन भोवरे आणि म्हणून नवऱ्याशी पटत नाही. तीच डोकी मी पेननं काढायला लागले. मी जाते त्या ज्येष्ठांच्या चित्रकलेच्या क्लासमध्ये सगळ्यांना आवडली. वसंतात प्रदर्शन ठरलं. अट एवढीच, की प्रत्येक चित्राखाली त्या बाईचं नाव छापील अक्षरात हवं.

आणि नावांपाशीच घोडं अडलं.

नवीन वर्ष नुकतंच झालं होतं. पाटीचा लॅपटॉप करून मी टेबलाशी बसले, मनगटं टेकवली आणि पहिलं नाव लिहायला घेतलं. अर्धं नाव झालं नाही तोच पडदा काळा. दचकून हात मागे घेतला तर पुन्हा उजळला आणि पासवर्ड विचारायला लागला. म्हणजे तू कोण, ते आधी सांग! पासवर्ड दिला, हात टेकले, नाव लिहायला घेतलं, पुन्हा काळोख. चित्र काढताना असं कधी होत नसे. नावं लिहितानाच व्हायचं.

मला घाम फुटला. कारण माझ्या आईची सुरुवात नावांपासूनच झाली होती.

आईचं काय झालं ते सांगायला हवं. आधी नावं गेली, मग गॅस. "मी बंद केला होता," म्हणायची आणि खाली जाळ चालू. मी भांडायचे, "नाही केलास आई, हे बघ, डोळ्यांनी बघ!" ती चिडायची, मी चिडायचे, नुसता कल्लोळ. मग एक दिवस ती म्हणाली, "गॅस मी बंद केला," आणि मी म्हणाले, "हो आई, तूच केलास." घर एकदम शांत झालं. डॉक्टरांनी नंतर पुष्कळ सांगितलं, पण आई हातची गेली हे मला त्या दिवशीच कळलं होतं.

शू-वेनशी व्हिडिओवर बोलतानाही तेच व्हायला लागलं. मी टेबलावर हात ठेवून रंगात येऊन सांगायला लागले की फोन बंद.

"आई, मधेच का बंद केलास गं?"

"मी कुठे केला? तुझं हे खेळणंच मेलं झोपा काढतंय!"

मग तिनं तिकडे बसल्या बसल्या माझ्या लॅपटॉपच्या पोटात शिरून बघितलं. तिला येतं तसं.

"आई, यात लिहिलंय की झाकण लावलं. दर वेळी. तू झाकण लावतेस."

"नाही लावत!"

"मशीन खोटं कशाला बोलेल?"

"आणि मी बोलते होय? वा गं वा!"

"खोटं नाही म्हणत मी. तुला आठवत नसेल असं म्हणतेय. कढई जळली तेव्हाही तू हेच म्हणालीस. किल्ली रात्रभर दाराला होती तेव्हाही."

कढई कुणाची जळत नाही? पण झाकणाचं काय? मशीन म्हणतं झाकण लावलं, मला तर ते समोर उघडं दिसतंय. दोघांपैकी एकाचं डोकं ठिकाणावर नाही, आणि मशीन तर नवीन होतं.

शेवटी तहाचं ठरलं. पूर्वजांच्या थडग्यांची साफसफाई करायला ती वसंतात येईल. तोवर हा घोळ सुटला नाही, तर मी डॉक्टरकडे डोक्याची तपासणी करून घ्यायची, दुकानाला कुलूप लावायचं आणि शिन्चूला तिच्या अकराव्या मजल्यावर राहायला जायचं. मी हो म्हणाले, कारण सुटेल अशी माझी खात्री होती. मग एकेक दिवस जाऊ लागला आणि खात्री कुठल्या कुठे गेली.

समोर लियेन-ची माशांच्या गोळ्यांचं सूप विकते. माझी लहानपणापासूनची मैत्रीण, तोंडाची फाटकी. तिनं हिरव्या पाकिटातल्या कुरकुऱ्या आणून लॅपटॉपशेजारी ठेवल्या. मशीननं शहाण्यासारखं वागावं म्हणून आमच्याकडे ठेवतात तशा. मी शू-वेनला सांगितलं. मला वाटलं, हसेल.

"हिरवंच पाकीट आहे ना?" ती गंभीरपणे म्हणाली. "पिवळं नको हं. आणि तारीख बघ. तारीख गेलेलं असलं तर उलटतं."

घ्या! मशीनवर हिचा विश्वास, कुरकुऱ्यांवर विश्वास, फक्त आईवर नाही.

देवळात गेले. लाकडी चंद्रकोरींची जोडी हातात घेऊन देवीला विचारलं, "माझं डोकं धड आहे का?" आणि टाकली. दोन्ही कोरी सपाट बाजू वर करून पडल्या. म्हणजे देवी हसली. ना हो, ना नाही, नुसतं हसू. पुन्हा टाकली, पुन्हा हसली. मला इतका राग आला, की संत्री ठेवायची ती परत घेऊन आले.

लियेन-चीला म्हटलं, तू चालवून बघ. तिनं दुकान नवऱ्यावर टाकून आख्खी दुपार त्यावर मालिका बघितली, वर मुलाला लांबलचक निरोप टाइप केले. मशीन एकदाही झोपलं नाही.

"चांगलं चाललंय की गं," ती म्हणाली आणि मग माझ्याकडे बघून एकदम गप्प झाली. लियेन-ची गप्प झालेली मी फारशी बघितलेली नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. उठून किल्ली बघितली, गॅस बघितला आणि परत येऊन पडल्यावर वाटलं, बघितला का खरंच?

मग लियेन-चीच्या भाच्याच्या लग्नाचा दिवस आला. केस बसवून घ्यायला ती माझ्या खुर्चीत बसली. तिला हवा तशा अंबाड्याचं चित्र लॅपटॉपवर लावून मी तो आरशाखाली उघडा ठेवला होता. माझ्या डाव्या मनगटात एक मॅग्नेटचं काळं कडं असतं, डोकी घासून घासून मनगट दुखतं त्यासाठी. नवीन वर्षाला पैशांची लाल पाकिटं वाटून झाल्यावर शू-वेननं माझा हात मांडीवर घेऊन घातलेलं. दुखणं जातं की नाही देव जाणे, पण लोखंडी क्लिपा त्याला चिकटून राहतात, ही मोठी सोय. त्या दिवशीही पाच-सहा लटकत होत्या. मी कंगवा घ्यायला लॅपटॉपवरून हात नेला आणि अंबाड्याचा काळोख झाला.

"अगं!" लियेन-ची आरशातून ओरडली. "तू तर शिवलीही नाहीस!"

मी हात मागे घेतला. उजळला. हात नेला. काळा. मी माझ्या हाताकडे बघितलं, क्लिपांकडे बघितलं. कडं काढून दूर ठेवलं आणि नुसतं मनगट टेकवलं. पडदा लख्ख. कडं हातात धरून कडेशी नेलं की काळोख.

"मॅग्नेट!" मी म्हणाले. "झाकणातही मॅग्नेटच असणार. हे जवळ आलं की त्या मूर्खाला वाटतं झाकण लागलं!"

"म्हणजे तू वेडी नाहीस," लियेन-ची अर्ध्या बांधलेल्या डोक्यानं म्हणाली आणि रडायलाच लागली. "हलकट, मला वाटलं तू चाललीस आता."

मी तिथल्या तिथे शू-वेनला व्हिडिओ लावला. कडं जवळ नेऊन फोन बंद पाडून दाखवला, पुन्हा लावला, पुन्हा पाडला. ती हसतेय, मी हसतेय. "सॉरी आई, सॉरी! इंजिनियर असून मला सुचलं नाही." इतकं मोकळं हसताना मी तिला कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं.

"सॉरी कसलं म्हणतेस?" मी म्हटलं. "तूच कडं घालायचंस आणि तूच आईला वेड्यात काढायचंस! नवीन वर्षाला तूच नाही का दिलंस?"

पडद्यावर ती जराशी थांबली. मला वाटलं फोन अडकला.

"हो आई," ती म्हणाली. "मीच दिलं."

मग तिला मीटिंग होती. फोन ठेवला, मी गुणगुणत लियेन-चीचा अंबाडा पुरा करायला घेतला. ती आरशात बघत होती, स्वतःकडे नाही, माझ्याकडे.

"शू-वेननं कधी दिलं गं?" तिनं हळूच विचारलं. "आपण दोघींनी घेतली ना ही? देवळासमोरच्या गाडीवर. दोन घेतली तर स्वस्त, म्हणून तू घासाघीस केलीस." आणि तिनं पर्समधून तिचं, कधी न घातलेलं कडं काढून माझ्या कड्याशेजारी ठेवलं. दोन्ही टक्कन एकमेकांना चिकटली.

मी आठवून बघितलं. गाडी आठवेना. घासाघीस आठवेना. आठवत होती ती शू-वेन, लाल पाकिटं, तिच्या मांडीवरचा माझा हात. सगळं लख्ख, लॅपटॉपच्या पडद्यासारखं. मला भीती वाटली.

पण त्याहून मोठी भीती दुसऱ्याच गोष्टीची होती. कढईवरून जी पोरगी माझ्याशी तासभर भांडली, ती या वेळी "नाही" म्हणाली नव्हती.

मी पुन्हा फोन लावला. ती मीटिंगमध्ये नव्हतीच. कुठल्याशा जिन्यात उभी होती, डोळे लाल.

"शू-वेन, मघाशी हो का म्हणालीस?"

तिनं बाहीनं डोळे पुसले.

"मी माझ्या आईला असंच हो म्हणायचे. मला नको तसलं हो. डॉक्टरकडे येते, तू म्हणशील त्या दिवशी येते. पण भांड माझ्याशी. मी चुकले की नाही म्हण, ओरडून म्हण!"

ती रडत होती. मग तिनं नाक ओढलं आणि लहानपणी भांडताना काढायची तसा आवाज काढला.

"नाही दिलं मी ते कडं! मी नवीन वर्षाला घरी आलेच नव्हते, आई! कारखान्यात ड्यूटी होती माझी!"

"बरं," मी म्हणाले. "ओरडतेस कशाला?"