बेकरीच्या गल्लीतली निळी रेघ

जुन्या साहेबांचं पत्र येऊन बरेच दिवस उलटले होते आणि तिने अजून उत्तर दिलं नव्हतं. तुमची खुर्ची रिकामी आहे, यायचं असेल तर कळवा, नसेल तरी कळवा, एवढाच मजकूर. पाणी खात्यातली नकाशे सांभाळायची नोकरी सोडून तिने धाकट्या भावाबरोबर जमिनीखालच्या लाइनी शोधून देण्याचा धंदा काढला होता. धंदा म्हणजे एक जुनी व्हॅन, रंगाचे डबे आणि एक यंत्र. पहिलं काम कसं होतंय ते बघू आणि मग उत्तर लिहू, असं तिने ठरवलं होतं. काम काही मिळेना, तशी ती पत्राकडे बघायचंही टाळू लागली.

शेवटी एका ठेकेदाराचा फोन आला. बेकरीच्या गल्लीत पाण्याचा पाइप कुठून जातो ते आखून हवं होतं. नीट झालं तर पुढच्या सगळ्या रस्त्यांचं काम या दोघांनाच.

भावाने बेकरीच्या नळाला यंत्राच्या छोट्या पेटीची वायर जोडली. पेटी पाइपातून संदेश सोडते, आणि वरून यंत्राचा दांडा फिरवत गेलं की जिथे तो वाजतो तिथे खाली पाइप. भर दुपारी दांडा असा खणखणीत वाजला, की भाऊ पाण्याची निळी रेघ मारत जवळजवळ पळतच सुटला. वाहती वीज पेटीशिवायही दांड्याला ऐकू येते, म्हणून तिने पेटी बंद करून एकदा पाहिलं. दांडा मुका. म्हणजे केबल नाही. ठेकेदार रेघेवरून चालून आला.

"झकास. सकाळी माणसं पहारी घेऊन येतील, पाइप मोकळा करतील."

संध्याकाळी भाऊ सामान भरत होता. ती उगाच, हातात आहे म्हणून, दांडा रेघेवर धरून उभी होती. गल्लीतले दिवे लागले आणि दांडा गुणगुणू लागला. पेटी तर केव्हाच व्हॅनमध्ये गेली होती.

ती पुढे गेली, मागे आली. गुणगुण रेघ सोडायला तयार नव्हती. दुपारी दिवे बंद होते, म्हणून केबल नुसती गप्प होती, मेलेली नव्हती. पाइपाला मध्येच कुठे प्लास्टिकचा तुकडा जोडलेला असणार, आणि संदेश शेजारच्या केबलवर गेला असणार.

"अरे, ही दिव्यांची केबल आहे."

"ताई, हळू बोल!" ठेकेदार अजून बेकरीच्या दारात उभा होता. "पहाटे येऊन गुपचूप सरकवू रेघ. कोण बघतंय?"

"आणि पहारवाला आपल्या आधी आला तर?"

"तुला ना, पहिल्याच कामात नाक कापून घ्यायची हौस!"

तोवर ती चालू लागली होती.

"अहो, रेघ चुकलीय. खाली विजेची केबल आहे."

ठेकेदाराने तिच्याकडे पाहिलं, मग रेघेकडे. "दुपारी तर छातीठोकपणे सांगत होतात."

"दुपारी दिवे बंद होते. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं."

"म्हणजे तुमचं यंत्र अंधार पडल्यावर जागं होतं? घुबड पाळलंय की काय?"

निळ्या रेघेवर दोघा भावंडांनी काळा रंग फासला आणि शेजारी विजेची लाल रेघ ओढली. पाइप कुठे आहे, ते आज सांगता येणार नाही, असं तिने सांगून टाकलं.

"पुढचे रस्ते मग मी दुसऱ्याला देतो," ठेकेदार म्हणाला. "राग मानू नका."

"नाही मानत."

व्हॅनमध्ये भावाने फुगूनच विचारलं, "यापुढे दिवे लागल्यावरच कामं घ्यायची का?"

"दुपारी एकदा बघायचं, दिवे लागल्यावर पुन्हा एकदा."

"आणि गिऱ्हाईक?"

"ते तू आण. तोंड तुझं चालतं."

त्याला नको असताना हसू आलं.

जेवणं झाल्यावर तिने ताट सरकवून कागद घेतला. खात्यात नकाशातली चूक सापडली, की ती या टेबलावरून त्या टेबलावर फिरे आणि शेवटी कोणाचीच उरत नसे. आजची तिची होती, आणि उद्याचा पहारवाला संध्याकाळी धडधाकट घरी जाणार होता. खुर्ची दुसऱ्या कोणाला द्यावी, उशिराबद्दल क्षमा असावी, असं लिहून तिने सही केली.

सकाळी टपालपेटीपाशी भावाने व्हॅन थांबवली. "नोकरी नाही, कामही नाही. आता?"

"आता डिझेल भर," ती म्हणाली, आणि पाकीट आत टाकलं.