पाच पायांचा घोडा

सुंबा बेटावरून जकार्ताला लेकीकडे आलेल्या रांबू हामूला येनीनं हट्टानं संग्रहालयात नेलं. "आई, आपल्याकडची विणलेली कापडं मांडलीत, सगळं शहर लोटलंय बघायला. घरी बसून तू माझ्या भाजीला नावंच ठेवणार!"

हामू हसत एका काचेपाशी गेली आणि थबकली. तांबड्या कापडावर घोड्यांची रांग होती, आणि चौथ्या घोड्याला पाच पाय होते.

नवऱ्याच्या आजारपणात हे कापड विणताना, नक्षीसाठी रंगाआधी सूत बांधायच्या वेळी तिची एक गाठ चुकली होती आणि घोड्याला पाचवा पाय फुटला होता. "राहू दे गं," तो म्हणाला होता, "वर लवकर पोचेन." त्याच कापडात गुंडाळून त्याला दगडी थडग्यात ठेवलं, त्याला एकोणीस वर्षं झाली. अंगावरच्या कापडावरूनच तर पूर्वज आपल्या माणसाला ओळखतात.

"येनी, हे तुझ्या बाबाचं."

येनीनं पाटी वाचली. 'खाजगी संग्रहातून. उत्तम स्थितीत.' तिनं आईचा हात धरला. "आई, चल घरी."

हामू जागची हलली नाही. "थांब गं. हे काढून घेतल्यावर त्याला परत झाकलं की तसाच उघडा टाकला, तेवढं लिहिलंय का बघ."